मेस्त्रींकडची उधारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या मेस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. त्याला पाटी नव्हती. एका अंगाला ऑइल इंजिनाचे भाग ओतणारी फौंड्री, दुसऱ्या अंगाला क्रँक घासून देणारं लेथचं दुकान आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं हे शेड. मेस्त्री बिलावर सही करायचे नाहीत. कुणी कार्ड मागितलं तर नुसते हसायचे. त्यामुळे त्यांचं नाव इथे छापायला माझाही हात धजत नाही. उद्यमनगरात त्या काळी गल्लीगणिक मेस्त्री होते, पण आमच्या कारखान्यातला कुणी ‘मेस्त्रींकडं जाऊन या’ म्हणाला की ते हेच.

मी जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. नोकरीचा बहुतेक काळ पाणी उकळण्यात गेला. उसाचा रस आटवायचा, पाक शिजवायचा, वाफेचं पुन्हा पाणी करायचं आणि त्यातलं चांगलं पाणी बॉयलरला परत द्यायचं. उष्णता कुठून कुठे जाते आणि वाटेत तिला काय अडवतं, हे बघण्याचाच मला पगार मिळायचा. एवढं असूनही तापलेल्या मोटारीसमोर कसं उभं राहायचं हे मला मेस्त्रींनी शिकवलं आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. ती उधारी अशा लेखानं फिटत नसते. निदान कुठेतरी तिची नोंद असावी.

गाडी होती पद्मिनी. लोक तिला फियाटच म्हणत, कारण मूळची ती इटलीची फियाट ११००. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, गिअरचा दांडा स्टेअरिंगला. माझी गाडी दुसऱ्या हातची होती. सपाटीवर तिची काही तक्रार नव्हती. सांगली, निपाणी, मिरज, कुठेही न्या. पण आमचं घर देवरुखजवळ, कोकणात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन उतरायचं आणि परत येताना आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमाचे डबे आणि म्हातारी आई एवढं सगळं घेऊन चढायचं. साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागलं की तापमानाचा काटा सरकायला लागायचा. निम्म्या घाटात तो लाल पट्ट्याला टेकायचा. मग कडेला थांबणं आलं, बॉनेट उघडणं आलं. मुलं दरीत दगड टाकायची, आई रामरक्षा म्हणायची. अर्धा-पाऊण तास गेला की गाडी पुन्हा शहाणी. आत डोकावून बघावं तर कुठे गळती नाही, काही तुटलेलं नाही, पंखा फिरतोय, पट्टा घट्ट.

एका गॅरेजात रेडिएटर साफ करून घ्यायला सांगितलं. वरची टाकी डाग सोडवून काढली, नळ्यांतून पातळ पट्ट्या फिरवल्या, पुन्हा डाग देऊन टाकी बसवली. घाटात फरक शून्य. दुसऱ्या, जरा मोठ्या ठिकाणी हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलं; हेड निघणारच आहे तर व्हॉल्व्ह, रिंगा, बेअरिंगं सगळंच करून घ्या, असा सल्ला देऊन अंदाजपत्रक हातात ठेवलं. तो आकडा बघून घरात दोन दिवस कुणी गाडीचं नाव काढलं नाही. ते अंदाजपत्रक खिशात घेऊनच मी मेस्त्रींकडे गेलो.

त्यांनी कागद उलगडलासुद्धा नाही.

“गाडी तापत्या हे कळलं, सायेब. कवा तापत्या ते सांगा.”

“घाटात.”

“उभी असताना का पळताना?”

“चढताना.”

“आन् हितं महाद्वार रोडला गर्दीत अडकली तर?”

“तिथे नाही तापत.”

“रिकामी चढीवली तर?”

“तेव्हा जरा कमी.”

“पाणी किती पित्या?”

तापून बाहेर फेकते तेवढंच, एरवी नाही. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरात बुडबुडे येतात का, हे मी कधी बघितलं नव्हतं. “बघू मग,” म्हणाले, आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. थंड इंजिन त्यांना स्वतः बघायचं होतं.

हे प्रश्न तेव्हा मला गप्पांसारखे वाटले. त्यामागचा हिशेब नंतर त्यांच्याकडे बसून बसून कळला. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्साच चाकं फिरवायच्या कामी येतो. तेवढाच धुराड्यातून जातो, आणि तेवढाच पाण्यानं उचलून रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडायचा असतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात, पाणी फिरलं पाहिजे आणि वारा लागला पाहिजे. गाडी पळत असताना वारा आपसूक मिळतो. पंख्याची खरी गरज गाडी उभी असताना. म्हणून गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी असेल तर पंखा, त्याचा पट्टा, रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेली माती आणि किडे इकडे बघायचं. याच्या उलट, गर्दीत गार राहणारी आणि जोर लावला की तापणारी गाडी असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. माझी गाडी दुसऱ्या जातीची होती. म्हणजे पाचेक मिनिटांच्या बोलण्यात अर्धं इंजिन संशयातून सुटलं होतं, आणि त्यांनी अजून पान्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी टाकून गेलो. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरला आणि इंजिन चालू केलं. गॅस्केट फाटलेलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची माळ लागते. इंजिन तापायच्या आधीच लागते, हे महत्त्वाचं. माझ्या गाडीत पाणी स्वस्थ होतं. ऑइलची पट्टी काढून बघितली. पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं, तसं काही नव्हतं. प्लग काढून ओळीत मांडले. एखाद्या सिलिंडरात पाणी शिरत असेल तर त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. चारही एका रंगाचे होते. “हेड न्हाई,” मेस्त्री म्हणाले. माझ्या खिशातला कागद तिथेच रद्द झाला.

मग एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. ब्रेक थोडा जरी धरून राहिला असेल तर इंजिन दिवसभर त्याच्याशी झगडत राहतं आणि आपण रेडिएटरला शिव्या घालतो. चाकं मोकळी होती. टायमिंग बघितलं, कारण ठिणगी उशिरा पडली तर गाडीला जोर राहत नाही आणि तीच उष्णता हेडमध्ये साठते. तेही ठीक. इंजिन तापवून बंद केलं आणि रेडिएटरवरून तळवा फिरवला. आत कुठे नळ्या तुंबल्या असतील तर तेवढा भाग हाताला गार लागतो. सगळीकडे सारखा गरम. माझाही हात धरून फिरवायला लावला.

थर्मोस्टॅट काढला तेव्हा मला वाटलं, आता तो फेकणार. आमच्या भागातले बरेच मेकॅनिक तो काढून टाकतात. आपल्या उन्हात त्याचं काय काम, असं म्हणतात. मेस्त्रींनी शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि दोऱ्याला बांधून तो आत सोडला. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप उघडते, साधारण ऐंशी अंशांच्या पुढे. पाणी कडत झालं आणि झडप सावकाश उघडली. चहावाला म्हणाला, “मेस्त्री, मसाला घालू का?” मेस्त्रींनी थर्मोस्टॅट पुसून जागेवर बसवला. तो नसेल तर इंजिन फार वेळ गारच चालतं, पेट्रोल जास्त खातं, आतले भाग लवकर झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेनं परत इंजिनात फिरतो. म्हणजे तापू नये म्हणून काढायचा आणि तापण्याची सोय करून ठेवायची.

रेडिएटरचं झाकण मात्र त्यांनी लगेच बदललं. त्याची स्प्रिंग सैल झाली होती. इथे मला बोलायला जागा मिळाली. कारखान्यात आम्ही पॅनमध्ये निर्वात करून पाकाचा उकळबिंदू खाली आणतो, नाहीतर साखर करपेल. रेडिएटरचं झाकण बरोबर उलटं काम करतं. आत दाब धरून ठेवतं आणि पाण्याला उकळू देत नाही. एकूण दाब दीड वातावरण झाला तर पाणी १११-११२ अंशांपर्यंत उकळत नाही. उघड्या भांड्यात कोल्हापूरच्या उंचीवर ते ९८ अंशांनाच उकळेल. मी हे आकडे सांगितले. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तापल्या गाडीचं झाकण काढलं तर?” दाब एकदम उतरतो आणि शंभराच्या वर असलेलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. “ह्ये पुस्तकात हाय व्हय?” म्हणाले, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा जुना भाजल्याचा डाग दाखवला.

झाकणानं दुखणं बरं होणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारी आम्ही गाडी वाघबीळच्या बाजूनं पन्हाळ्यावर काढली. मागच्या सीटवर त्यांनी लेथच्या दुकानातून आणलेले बिडाचे तुकडे पोत्यात भरून ठेवले होते, घाटातलं ओझं व्हावं म्हणून. चढावर काटा हलायला लागला. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, पण इंजिन बंद करू दिलं नाही. इथेच आधीचे सगळे फसले होते. मी घाटात थांबलो की आधी किल्ली फिरवायचो; गॅरेजवालेही इंजिन बंद करून किंवा नुसतं संथ चालवून बघायचे.

“सायेब, हिकडं या. बोट लावू नगा. खालची नळी बघा निस्ती.”

त्यांनी कार्बुरेटरची काडी ओढून इंजिनाचा वेग वाढवला. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारी रबरी नळी माझ्या डोळ्यांसमोर आत ओढली गेली आणि चपटी झाली. काडी सोडली, नळी पुन्हा गोल. पुन्हा ओढली, पुन्हा चपटी.

“बघितलंसा?”

पाण्याचा पंप खालच्या नळीतून पाणी ओढतो. वेग वाढला की ओढ वाढते. गरम झालेलं रबर मऊ पडतं आणि त्या ओढीनं नळी मिटते, म्हणजे पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच वाट बंद. इंजिन बंद केलं की नळी गोल होते, त्यामुळे थांबून बघणाऱ्याला ती निर्दोषच दिसणार. असं होऊ नये म्हणून अशा नळीच्या आत तारेची स्प्रिंग बसवतात. माझ्याआधी केव्हातरी कुणीतरी नळी बदलली होती आणि स्प्रिंग परत घातली नव्हती. पन्हाळ्याच्या चढावर उभं राहून मी ती नळी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मेस्त्री कठड्यावर बसून तंबाखू मळत होते.

शेडात परत येऊन त्यांनी भंगारातून एक स्प्रिंग शोधली, घासली, नव्या नळीत घातली, दोन क्लिपा आवळल्या. अर्ध्या तासाचं काम. पैसे सांगितले ते नळी, झाकण, क्लिपा आणि त्या अर्ध्या तासाचे. सकाळपासून गेलेला वेळ, बुडबुडे, प्लग, चाकं, थर्मोस्टॅट, पन्हाळा, यांचं काय? मी विचारलं तर म्हणाले, “बघितल्याचं पैसं घ्यायचं नसत्यात. केल्याचं घ्यायचं.”

मेस्त्रींच्या बऱ्याच गोष्टी मी मान्य केल्या, ही कधीच केली नाही. त्यांचं खरं काम बघणं हेच होतं. नळी बदलायला त्यांच्या शेडातलं तेरा-चौदा वर्षांचं पोरगंही पुरेसं होतं. हेड काढणाऱ्याला हेड काढल्याची मजुरी मिळते, मग त्यात दोष असो वा नसो. आणि हेड काढायची गरज नाही हे शोधून काढणाऱ्याला नळीच्या क्लिपा आवळल्याची मजुरी. अशा हिशेबात प्रामाणिक माणसाला रोज थोडा तोटा ठरलेला. मेस्त्रींनी तो तोटा आयुष्यभर खाल्ला आणि त्याला धर्म मानलं. मला तो आमच्यासारख्या गिऱ्हाइकांचा फुकटेपणा वाटतो. आम्ही त्यावर त्यांची स्तुती करून मोकळे व्हायचो.

पुढे मी त्यांच्याकडे नुसता बसायला जायला लागलो. गळीत हंगाम संपला की आम्हाला जरा उसंत असायची. माझ्याकडून त्यांना देण्यासारखं एकच होतं, पाणी. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम उकळलं की भांड्याला खार होऊन बसतो. बॉयलरमध्ये त्याला आम्ही स्केल म्हणतो आणि त्याच्या नावानं दचकतो, कारण कागदाएवढा थरसुद्धा उष्णता अडवतो. मेस्त्रींच्या शेडात बोअरचंच पाणी होतं. कारखान्यात रस आटवण्याच्या पहिल्या भांड्यातून, म्हणजे आमच्या भाषेत ‘बॉडी’तून, निघणारं वाफेचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. वरिष्ठांना विचारून मी त्याचे कॅन त्यांना आणून द्यायला लागलो. पुढच्या बॉड्यांचं पाणी मात्र देत नसे. त्यात रसाबरोबर आलेला अमोनिया असू शकतो आणि तो तांब्या-पितळेच्या रेडिएटरला खातो. पहिल्या बॉडीचंही पाणी आधी तपासायचो. परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉलचे थेंब, बाजूनं सावकाश सल्फ्युरिक आम्ल. जांभळं कडं दिसलं तर साखर आली. एकदा शेडात बसून हा प्रयोग करून दाखवला. मेस्त्रींनी चहाचा घोट दुसऱ्या नळीत ओतून तो पुन्हा करायला लावला. जांभळा रंग बघून खूश झाले.

एक कॅन मात्र मी त्यांना नाकारला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की साखर कारखानेवाले आपली भांडी कॉस्टिक सोड्यानं उकळून साफ करतात, तसंच इंजिन करून बघा. आम्ही करतो हे खरं, पण आमची भांडी लोखंडाची आणि नळ्या पितळेच्या. कॉस्टिक ॲल्युमिनियमला विरघळवतो आणि वर हायड्रोजन सोडतो. पद्मिनीच्या हेडची चाळण झाली असती. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा द्रावणात टाकून दाखवला, तो फसफसायला लागला. त्यावर मेस्त्री म्हणाले, “सायेब, ह्याचं किती झालं तुमचं?” मी म्हणालो, “बघितल्याचे पैसे घ्यायचे नसतात.” त्या दिवशी एवढंच एकदा त्यांना उत्तर देता आलं.

हेड खरंच गेलेलं असेल तर मात्र ते हयगय करायचे नाहीत. एका शेतकऱ्याची जीप आली होती, चालू केल्या केल्या रेडिएटरात बुडबुड्यांची माळ. मालकाला पुढे बोलावून त्याच्या डोळ्यांनी ती बघायला लावली आणि मगच बोल्ट सैल केले. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी धरून खालून फीलर गेजचं पातं सरकतं का बघितलं. मधोमध बाक होता. शेजारी फेसिंगला दिलं. परत बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, एका दमात नाही तर टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचवर आकडा बघून. तो रेंच त्यांच्या शेडातली सगळ्यात महाग वस्तू असावी. वापरून झाला की ते तो पुसून टॉवेलात गुंडाळायचे. आणि जीप देताना मालकाला बजावलं की गॅस्केट आपणहून गेलं नाही, आधी गाडी तापली म्हणून गेलं, आणि तापली का ते शोधलं नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा भेटू. तिचा पंप उघडला तर आतली पाती गंजून निम्मी झाली होती.

आता एका रात्रीबद्दल. पावसाळा होता. गावाकडे आईला दम लागला, डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आंबा घाट चढताना डायनामोचा लाल दिवा लागला. फियाटमध्ये पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो एकाच पट्ट्यावर. दिवा लागला आणि मागोमाग काटा चढायला लागला म्हणजे पट्टा तुटला, हे मेस्त्रींच्या शेडात बसून मला पाठ झालं होतं. काटा लालपर्यंत जायची वाट न बघता गाडी थांबवली. बॉनेट उघडलं, पट्टा नव्हताच. धुकं, पाऊस, मागच्या सीटवर आई उशीला टेकून बसलेली. डिकीत जॅक शोधायला हात घातला तर जॅकच्या शेजारी सुतळीनं बांधलेलं पुडकं. आत एक पट्टा, दोन पाने आणि काडेपेटी. मी ठेवलेलं नव्हतं. डायनामोचा बोल्ट सैल केला, डायनामो इंजिनाकडे ढकलला, पट्टा चढवला, जॅकच्या दांड्यानं डायनामो बाहेर रेटून धरला आणि बोल्ट आवळला. अंगठ्यानं दाबून अर्धा इंच दबतो ना बघितलं. झाकणाला हात लावला नाही. आईला पहाटेच्या आत कोल्हापूरला दवाखान्यात पोचवलं. ती त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि मेस्त्रींना दरवर्षी कोकमं पाठवत राहिली.

पट्ट्याचे पैसे द्यायला गेलो तर मेस्त्रींना आधी काही आठवेना. मग म्हणाले, “तुमचाच हुता की. मागं बदलला तवा बरा हुता. टाकून कशाला द्यायचा, डिकीत ठिवला.” माझाच पट्टा, त्याचे पैसे ते कसे घेणार?

पुढे पद्मिनी बंद झाल्या, विजेचे पंखे आले, प्लास्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले. त्यांना डाग देता येत नाही, फुटलं की बदलायचं. मेस्त्रींनी जुन्या काळाचे उसासे टाकले नाहीत. नव्या गाड्या कमी तापतात, हे ते मोकळेपणानं सांगायचे. हिरवं कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून घातलं तर गंजही धरत नाही, मग वाईट काय म्हणायचं? पुण्याला माझ्या मुलीची गाडी तापायला लागली तेव्हा मेस्त्री थकले होते, खाटेवर असायचे. तिनं तिथूनच फोन लावला. प्रश्न तेच. उभी असताना का पळताना? चांदणी चौकात अडकल्यावर, हायवेवर नाही. “मग पोरी, ए.सी. लाव आन् पुढचा पंखा फिरतोय का बघ.” नाही फिरत. “फ्यूज न्हाईतर रिले बघाय सांग. हेडबिड म्हणालं तर गाडी घिऊन सरळ निघून ये.” रिलेच होता.

मेस्त्री गेल्याला आता काही वर्षं झाली. शेड त्यांचा मुलगा चालवतो. त्यानं स्कॅनर घेतलाय. स्कॅनर तापमानाचा सेन्सर काय म्हणतो ते सांगतो, तापलं का ते सांगत नाही. त्यामुळे तोही आधी विचारतो, कवा तापत्या. शेडला आता पाटी आहे आणि पाटीखाली त्यानं एक ओळ रंगवून घेतली आहे: तपासणीची फी वेगळी आकारली जाईल. जुनी गिऱ्हाइकं त्यावर कुरकुरतात, तुझा बाप घेत नव्हता म्हणतात. तो म्हणतो, “बापाला परवडत नव्हतंच.” मुलाचं बरोबर आहे. तुमच्या गावात असा कुणी असेल, जो पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो आणि झाकण काढून बुडबुडे तुम्हालाच बघायला लावतो, तर त्यानं न मागता त्याला बघितल्याचे पैसे द्या. काहीच बदलावं लागलं नाही, तर थोडे जास्त द्या.